अपडेटनंतर प्रोसेस मॅपमधलं मराठी बिघडतं, तेव्हा कुठून शोधायचं

प्रोसेस मॅप किंवा फ्लो चार्ट, म्हणजे कामाच्या पायऱ्यांचा बॉक्स आणि बाणांचा आराखडा, काढायला ड्रॉ डॉट आयओ असो, व्हिजिओ असो की बीपीएमएन या ठरलेल्या चिन्हपद्धतीतले आराखडे काढायचं एखादं टूल असो, नवं व्हर्जन आलं की तीच तक्रार पुन्हा येते: काल नीट दिसणारा फ्लो आज फुटलाय. नव्या सोयी कामाच्या असतात यात शंका नाही. एक्सेलच्या यादीतून आपोआप फ्लो तयार होतो, वेबवरचा फॉन्ट थेट वापरता येतो, एकाच फाईलवर दोघं-तिघं काम करू शकतात. पण अशा सोयीसोबत मजकूर दाखवायची, साठवायची किंवा बाहेर पाठवायची पद्धत बदलू शकते, आणि बदलली की पहिला फटका देवनागरीला बसतो. इंग्रजी लेबलं असणाऱ्याला बऱ्याचदा काही झाल्याचं कळतही नाही.

हे दुरुस्त करायचं काम माझ्याकडे वारंवार येतं, बहुतेक वेळा एमआयडीसीतल्या कारखान्यांमधून. तिथे लाईनशेजारी लावलेला फ्लो चार्ट वाचून ऑपरेटर काम करतो आणि त्याला तो मराठीतच हवा असतो. म्हणून आधीच सांगतो: घाईने सगळी लेबलं पुन्हा टाईप करायला बसू नका, आणि ‘जाऊ दे, इंग्रजीत करून टाकू’ असंही करू नका. फाईलमधला मजकूर आणि पडद्यावर दिसणारं त्याचं चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिघाड जास्त करून चित्रात असतो आणि मजकूर आत शाबूत असतो. कशात बिघाड आहे हे कळेपर्यंत फाईलला हात लावायचा नाही.

लक्षणं

- सगळ्या मराठी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन.
- बाकी सगळं ठीक, फक्त ‘ॲ’च्या जागी चौकोन. ‘ॲसेंब्ली’, ‘ॲप्रूव्हल’ हे शब्द डोक्याशीच तुटलेले.
- पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, जोडाक्षरं सुटी, पाय मोडल्याची खूण उघडी. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ तुटलेला.
- मात्रा किंवा वेलांटीजवळ ठिपक्यांचं वर्तुळ.
- मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांची खिचडी.
- डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ आणि चलनाची चिन्हं, पुन्हा पुन्हा.
- प्रश्नचिन्हांची रांग.
- टूलमध्ये सगळं छान, पण एसव्हीजी (चित्राच्या फाईलचा एक प्रकार) वर्डमध्ये टाकल्यावर बॉक्स रिकामे, आणि खाली ‘टेक्स्ट इज नॉट एसव्हीजी’ अशी इंग्रजी ओळ.
- मजकूर बॉक्सबाहेर सांडलेला, किंवा वरच्या मात्रा कापलेल्या.

यातलं नेमकं कोणतं लक्षण दिसतंय ते लिहून ठेवा. ‘फॉन्टचा प्रॉब्लेम आहे’ एवढ्यावरून काहीच सापडत नाही. चौकोन आणि प्रश्नचिन्हं दोन्ही वाईट दिसतात, पण चौकोनाचं काम पाच मिनिटांचं असतं आणि प्रश्नचिन्हांनी मजकूर गेलेला असू शकतो.

सगळ्यात आधी: सेव्ह करू नका, प्रत काढा

फाईल बंद करा. ‘बदल जतन करायचे का’ असं विचारलं तर नाही म्हणा. मूळ फाईलची प्रत काढून पुढचं सगळं त्या प्रतीवर करा. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर असेल तर जुन्या आवृत्त्या तिथे सापडतील. अपडेटच्या आधीची एक उतरवून घ्या. नव्या व्हर्जनमध्ये फाईल उघडून सेव्ह केली की ती नव्या पद्धतीने लिहिली जाऊ शकते, आणि आपोआप सेव्ह होत असेल तर हे तुमच्या नकळत होतं.

पहिली तपासणी: नोटपॅड

फुकट आहे, अर्ध्या मिनिटाची आहे, आणि पुढची वाट यावरच ठरते. बिघडलेल्या एका बॉक्सवर डबल क्लिक करा, मजकूर कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा.

नोटपॅडमध्ये मराठी नीट दिसलं, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, शाबूत आहे आणि गडबड फॉन्टची किंवा एक्स्पोर्टची, म्हणजे दुसऱ्या प्रकारची फाईल बाहेर काढण्याची, आहे. इंग्रजी खिचडी दिसली, तर तो जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टचा मजकूर आहे. तिरक्या रेघेचा ‘ए’ दिसला, तर मजकूर आहे पण चुकीच्या संकेतलिपीत (अक्षरं आकड्यांत साठवायच्या पद्धतीत) वाचला गेलाय. तो बहुधा परत मिळवता येतो. प्रश्नचिन्हंच आली, तर त्या प्रतीतला मजकूर गेला. कोणताही फॉन्ट लावून तो परत येणार नाही, कारण फाईलमध्ये आता खरोखर प्रश्नचिन्हंच लिहिलेली आहेत. अशा वेळी जुनी आवृत्ती शोधायला लागा.

दुसरी: दुसऱ्या मशीनवर उघडा

तीच फाईल शेजारच्या कॉम्प्युटरवर किंवा ब्राउझरमध्ये उघडा. तिथे ठीक दिसली तर बिघाड तुमच्या मशीनवर आहे, फाईलमध्ये नाही. ही तपासणी लोक टाळतात आणि मग ठणठणीत फाईलवर तासन्‌तास घालवतात.

तिसरी: फॉन्ट कोणता लिहिलाय आणि खरा कोणता दिसतोय

इथे थोडं थांबून समजून घेण्यासारखं आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचा मोठा भाग इथेच मिटतो.

ड्रॉ डॉट आयओमध्ये काही न निवडता बॉक्स काढला की फॉन्ट हेल्वेटिका असतो. हेल्वेटिकात देवनागरी नाही. तरी मराठी दिसतं, कारण ब्राउझर ती अक्षरं मशीनवरच्या दुसऱ्या एखाद्या फॉन्टमधून उसनी घेतो. तुमच्या मशीनवर एक, माझ्या मशीनवर दुसरा, फोनवर तिसरा. म्हणजे फाईलमध्ये फॉन्टचं नाव एकच, पण प्रत्येक ठिकाणी अक्षरांची रुंदी आणि उंची वेगळी. काल बॉक्समध्ये मावणारा मजकूर आज बाहेर सांडतो तो यामुळे. अपडेटने आतलं ब्राउझर इंजिन बदललं की उसना फॉन्टही बदलू शकतो.

दुसरी बाजू विंडोजची. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट आपण वर्षानुवर्षं वापरले. विंडोज १० पासून ते ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या ऐच्छिक भागात गेले. सोबत येतो तो निर्मला यूआय. त्यामुळे सॉफ्टवेअरसोबत कंपनीने मशीनही बदललं असेल, तर फाईलमध्ये कोकिळा लिहिलेलं असतं आणि मशीनवर कोकिळा नसतो. सेटिंग्जमध्ये ऐच्छिक फीचर्सच्या यादीत जाऊन तो भाग बसवला की काम होतं. पैसे लागत नाहीत, पण कंपनीच्या मशीनवर आयटी विभागाची परवानगी लागू शकते.

कायमचा उपाय म्हणजे फॉन्ट ठरवून लावणे. सगळीकडे विंडोजच असेल तर निर्मला यूआय. विंडोज, लिनक्स आणि फोन असं मिश्रण असेल तर नोटो सॅन्स देवनागरी, कारण तो फुकट आहे आणि सगळीकडे बसवता येतो. ड्रॉ डॉट आयओत फॉन्टच्या यादीच्या शेवटी ‘कस्टम’ असतं, तिथून तो गूगल फॉन्ट म्हणूनही घेता येतो. मात्र शॉपफ्लोअरच्या मशीनला इंटरनेट नसेल तर वेबवरचा फॉन्ट तिथे पोचणार नाही. तिथे फॉन्ट बसवूनच घ्या.

सगळं निवडून फॉन्ट बदलला तरी काही लेबलं जुन्याच फॉन्टमध्ये राहतात. त्या लेबलांच्या आत वेगळं फॉरमॅटिंग असतं. वर्डमधून किंवा ईमेलमधून पेस्ट केलेल्या मजकुरात हमखास. अशा लेबलात जाऊन मजकूर निवडा, फॉरमॅटिंग काढून टाका, मग फॉन्ट लावा. व्हिजिओत आणखी एक गोष्ट आहे. तिथे लॅटिन मजकुराचा फॉन्ट आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठीचा, म्हणजे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा फॉन्ट वेगवेगळा साठवला जातो. पहिला बदलून मराठीत फरक पडत नसेल तर दुसरा बघा.

चौथी: फक्त ‘ॲ’ तुटलाय का

हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी बनलेल्या फॉन्टमध्ये ते नाही. उपाय तोच, फॉन्ट बदला. काही जण ‘ॲ’ काढून ‘अ’वर चंद्र देतात. दिसायला सारखंच दिसतं, पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी अक्षरं असतात, आणि ‘ॲसेंब्ली’ शोधलं की अर्धेच बॉक्स सापडतात. एकाच फाईलमध्ये दोन्ही रूपं राहू देऊ नका.

पाचवी: ठिपक्यांचं वर्तुळ

दोनच कारणं सारखी सापडतात. एक, कुणीतरी अक्षराच्या मधूनच रंग किंवा ठळकपणा बदललाय, म्हणजे व्यंजन एका तुकड्यात आणि त्याची मात्रा दुसऱ्या तुकड्यात. दोन, पीडीएफमधून कॉपी केलेला मजकूर. पीडीएफमध्ये दिसणारं मराठी बरोबर असलं तरी कॉपी केलेलं बरोबर असेलच असं नाही. फॉरमॅटिंग काढून बघा. तरीही वर्तुळ राहिलं तर तेवढा शब्द नव्याने टाईप करा. पुन्हा टाईप करणं योग्य असलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी हे एक.

सहावी: एक्स्पोर्ट

टूलमध्ये चांगलं, बाहेर वाईट, असं असेल तर थेट इथे या.

एसव्हीजीचं आधी. ड्रॉ डॉट आयओ लेबल एचटीएमएल (वेबपानांची भाषा) म्हणून ठेवतं आणि एसव्हीजी काढताना ते ‘फॉरेन ऑब्जेक्ट’ नावाच्या भागात घालतं. ब्राउझरला हा भाग वाचता येतो, वर्ड किंवा इंकस्केपला येत नाही. म्हणून तिकडे बॉक्स रिकामे आणि खाली ती इंग्रजी ओळ. ही तक्रार इंग्रजी आराखड्यांतही येते, मराठीचा इथे काही दोष नाही. सगळे बॉक्स निवडा आणि टेक्स्टच्या भागातल्या ‘वर्ड रॅप’ आणि ‘फॉरमॅटेड टेक्स्ट’ या दोन्ही खुणा काढा. त्यानंतर ओळी आपोआप तुटणार नाहीत, एंटर मारून स्वतः तोडाव्या लागतील, आणि एका लेबलात दोन रंग असतील तर ते जातील. एवढं नको असेल तर वर्डसाठी मोठ्या झूमवर पीएनजी काढा आणि भिंतीवर लावायला पीडीएफ. ए-३ वर छापायचं असेल तर मी एसव्हीजीच्या वाटेला जातच नाही.

आता पीडीएफ. ब्राउझरमधल्या ड्रॉ डॉट आयओतून पीडीएफ एक्स्पोर्ट केली की ती तुमच्या मशीनवर नाही, सर्व्हरवर तयार होते. तुमच्या मशीनवर बसवलेला फॉन्ट त्या सर्व्हरला माहीत नसतो. पडद्यावर सुंदर मराठी आणि पीडीएफमध्ये वेगळंच वळण किंवा चौकोन, याचं कारण हे. ब्राउझरच्या प्रिंटमधून ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ करा किंवा डेस्कटॉप ॲप वापरा, म्हणजे फॉन्ट तुमच्याच मशीनचा लागेल. ग्राहकाची गोपनीय प्रक्रिया असेल तर सर्व्हरकडे आराखडा न पाठवण्याचं हे आणखी एक कारण आहे. पीडीएफ तयार झाली की ॲक्रोबॅट रीडरमध्ये तिच्या प्रॉपर्टीजमधला फॉन्टचा टॅब उघडा. देवनागरी फॉन्टच्या नावापुढे ‘एम्बेडेड’ (म्हणजे फॉन्ट फाईलमध्येच भरलेला) असेल तरच ती दुसऱ्याच्या मशीनवर तशीच दिसेल याची खात्री.

वेलांटी चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरं सुटी, हे फक्त पीडीएफमध्ये होत असेल तर पीडीएफ बनवणारा भाग देवनागरीची जुळणी करतच नाहीये. अक्षरं आहेत, पण ती एकत्र कशी बसतात याचे नियम लावलेले नाहीत. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. प्रिंटच्या वाटेने पीडीएफ काढा.

सातवी: एक्सेलमधून आलेली लेबलं

यादीवरून फ्लो काढायची सोय आल्यापासून हा बिघाड वाढलाय. एक्सेलमधून साधी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकुराची फाईल, सेव्ह केली की मराठीची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती सेव्ह करतानाच होतात. टूलला दोष देण्यात अर्थ नाही. सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा युनिकोड जपणारा प्रकार निवडा. मूळ एक्सेल फाईल जपून ठेवा, सीएसव्ही ही फक्त पाठवायची प्रत समजा.

आठवी: मजकूर सांडतो किंवा कापला जातो

देवनागरीला ओळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. इंग्रजीच्या मापाने काढलेल्या बॉक्समध्ये ‘पूर्वी’चा रफार आणि वेलांटी कापली जाते. बॉक्सची उंची वाढवा, अक्षर लहान करू नका. तीन फुटांवरून वाचता आलं पाहिजे.

नववी: जुन्या फॉन्टचा मजकूर

श्रीलिपी, सुरेख, शिवाजी, कृतिदेव. महाराष्ट्रातल्या कारखान्यांत या फॉन्टमधल्या फाईली अजून भरपूर आहेत. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. आज चार्ट हवा असेल तर तोच फॉन्ट बसवा, लगेच दिसेल. कायमचं करायचं तर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

बदलताना दोन ठिकाणी फार काळजी घ्या. प्रत्येक जुन्या फॉन्टची मांडणी वेगळी आहे, त्यामुळे कन्व्हर्टर त्याच फॉन्टचा हवा. चुकीच्या कन्व्हर्टरने येणारा मजकूर ‘जवळजवळ बरोबर’ असतो आणि वाचताना डोळा चुकून पुढे जातो. दुसरं, एकाच लेबलात मराठी आणि आकडे किंवा इंग्रजी मिसळलेलं असेल तर कन्व्हर्टर तेही बदलून टाकू शकतो. टॉर्क, टॉलरन्स, तापमान, दाब: असा प्रत्येक आकडा, दशांश चिन्ह आणि अधिक-उण्याची खूण जुन्या छापील प्रतीशी ताडून पाहा. हे काम एकट्याने करू नका. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रतीवर बोट ठेवायचं.

प्रत्येक अपडेटनंतर आधी हे एक वाक्य

मूळ फाईली उघडण्याआधी रिकाम्या पानावर एक बॉक्स काढा आणि त्यात लिहा: ‘दुसऱ्या पाळीत ॲसेंब्लीपूर्वी पहिल्या नगाचं निरीक्षण’. यात ‘ऱ्या’ आहे, ‘ॲ’ आहे, ‘पूर्वी’चा रफार आहे, ‘पहिल्या’ची पहिली वेलांटी आणि अर्धा ‘ल’ आहे, ‘क्ष’ आहे. हा बॉक्स पडद्यावर बघा, पीडीएफ काढून बघा, ज्या मशीनवर छापता तिथे उघडून बघा. तिन्हीकडे सारखा दिसला तर खरी फाईल उघडा. नाही दिसला तर कोणत्या पायरीवर फुटला ते तिथेच कळतं, आणि तुमचा एकही चार्ट पणाला लागलेला नसतो.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

नोटपॅडमध्ये प्रश्नचिन्हं आली आणि एकही जुनी आवृत्ती सापडत नाही, तर थांबा. आयटी विभागाकडे बॅकअप मागा. तोही नसेल तर छापील कंट्रोल्ड कॉपीवरून (मंजूर, नोंद असलेल्या प्रतीवरून), प्रक्रिया ओळखणाऱ्या माणसाला शेजारी बसवून नव्याने लिहा. आठवणीवरून लिहू नका.

पीडीएफ कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर तयार होत असेल, तर तिथे फॉन्ट टाकणं हे सर्व्हर सांभाळणाऱ्याचं काम. त्याला ‘मराठी येत नाही’ असं सांगू नका. ‘सर्व्हरवर नोटो सॅन्स देवनागरी बसवा आणि एक्स्पोर्टची सेवा पुन्हा चालू करा’ असं सांगा.

आराखडा नुसता चित्र नसून बीपीएमएन फाईल एखाद्या वर्कफ्लो इंजिनमध्ये (आराखड्याप्रमाणे काम आपोआप पुढे सरकवणाऱ्या यंत्रणेत) चालू असेल, तर लेबलांनासुद्धा हात लावण्याआधी ती यंत्रणा बांधणाऱ्याला विचारा. बीपीएमएन २.० मध्ये, म्हणजे २०११ पासून, प्रत्येक पायरीला दिसणारं नाव वेगळं आणि आतली ओळख वेगळी असते. नाव बदलणं सहसा सुरक्षित असतं. पण बॉक्स पुसून नवा काढला की ओळख बदलते आणि त्यावर अवलंबून असलेलं काही तुटू शकतं. कुठे अट म्हणून मराठी शब्दच तपासला जात असेल तर ‘ॲ’चं रूप बदलल्यानेही काम अडकेल.

जुन्या फॉन्टच्या फाईली शेकड्यांनी असतील तर डीटीपी करणाऱ्या, ते फॉन्ट रोज हाताळलेल्या माणसाला द्या. आणि फ्लो चार्ट पीएफएमईए (प्रक्रियेत काय चुकू शकतं याचं विश्लेषण) किंवा कंट्रोल प्लॅनशी (काय, कसं तपासायचं याचा तक्ता) जोडलेला असेल, तर दुरुस्त प्रत गुणवत्ता विभागाने तपासून रिव्हिजन नंबर दिल्याशिवाय लाईनवर लावू नका. मधल्या काळात आधीची मंजूर छापील प्रतच तिथे राहू द्या. जिथे चुकीच्या वाचण्याने हात यंत्रात जाऊ शकतो, त्या पायरीसमोर फुटलेला मजकूर एक पाळीभरही राहता कामा नये.

बोलावताना हे तयार ठेवा: न बदललेली मूळ फाईल, बिघडलेली एक्स्पोर्ट, दोन्हींचे पडद्यावरचे फोटो, लेबलवर लिहिलेलं फॉन्टचं नाव, सॉफ्टवेअरचा जुना आणि नवा व्हर्जन नंबर, आणि नोटपॅडमध्ये पेस्ट केल्यावर काय दिसलं ते.